धड बसण्याची गोष्ट

आमच्या मामूंना लकवा मारला ते साल १९८३. डावा हात गेला, डावा पाय गेला, तोंडही थोडं वाकडं झालं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. घरात सगळ्यांनी कामं वाटून घेतली होती. भरवणं आणि अंग पुसणं मामीकडं, औषधं आणणं मोठ्या भावाकडं, आणि संध्याकाळी अर्धा तास मामूंना खाटेवर बसतं करून सरळ धरून ठेवणं माझ्याकडं. सगळ्यांत सोपं काम म्हणून ते मला दिलं होतं.

ते सोपं नव्हतं. मामू डावीकडं कलायचे. लुळ्या बाजूला माणूस झुकणारच, असं कुणीही म्हणेल. पण मामू नुसते झुकत नव्हते. चांगला असलेला उजवा हात खाटेच्या कडेवर रोवून ते स्वतःला जोर लावून डावीकडं ढकलायचे. मी उजवीकडं ओढलं की अंग ताठ करून विरोध करायचे. मी म्हणायचो, “मामू, सीधे बैठो ना!” ते म्हणायचे, “सीधाच बैठ्या हूं रे. तूच मेरेकू गिराता!” म्हणजे मी सरळच बसलोय, पाडतोयस तू.

घरात याचे अर्थ लावले गेले. नानी म्हणायची, लहानपणापासून हट्टी आहे. थोरले चाचा म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. दवाखान्यात हाताला शेक द्यायचे, पायाला करंट द्यायचे. कमरेकडं, पाठीकडं कुणी पाहिलं नाही. शेजारच्या एकांनी कबुतराच्या रक्ताची मालीश सुचवली. रक्त नापाक म्हणून नानीनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, नाहीतर तोही प्रयोग झाला असता. आणि एका संध्याकाळी मी चिडून हात काढून घेतला. मामू पडले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर त्यांनी बसायचंच नाकारलं.

पुढं पुष्कळ वर्षांनी, मामू गेल्यावर, त्या कलण्याला वैद्यकात नाव आहे असं मला कळलं. ते नाव मिळायला फार वेळ लागला. का लागला, याचीच ही हकिकत आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण माझा धंदा शब्दांचा. या आजाराला आपल्याकडं नावांची कमी नाही. सुश्रुतसंहितेत ‘पक्षाघात’ आहे, चरकसंहितेत ‘पक्षवध’. बोलीत अर्धांगवायू. ‘लकवा’ हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेनं आला. इब्न सिना यांनी १०२५ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘अल्-कानून फित्तिब’ या ग्रंथात तीन वेगळे शब्द आहेत. माणूस एकाएकी बेशुद्ध होऊन कोसळतो तो ‘सक्ता’, अर्धं अंग जातं तो ‘फालिज’, आणि फक्त तोंड वाकडं होतं तो ‘लकवा’. आपण तिसरा शब्द उचलला आणि सगळ्यालाच लावला. पण एक गोष्ट पाहा. पक्ष म्हणजे बाजू. अर्धांग म्हणजे अर्धं अंग. ग्रीकांचा शब्दही ‘अर्ध्यावर आघात’ असंच सांगतो. यात कुठंही हात किंवा पाय नाही. नाव ठेवणाऱ्यांना दिसलं होतं की माणसाची अख्खी एक बाजू जाते. उपचार करणाऱ्यांना मात्र शतकानुशतकं हात आणि पाय एवढेच दिसत राहिले. मधलं धड कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

आता ‘धड’ हा मराठीतला विलक्षण शब्द आहे. मानेखालचा आणि मांड्यांवरचा देह म्हणजे धड. आणि ‘धड बसता येत नाही, धड उभं राहता येत नाही’ यातलंही धड. या दोहोंचं मूळ एक की वेगळं ते भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावं. लकवा झालेल्या माणसापुरतं तरी ते एकच आहे. धड सावरलं नाही तर धड बसता येत नाही.

धडाकडं दुर्लक्ष व्हायला एक कारणही होतं. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो आणि डावा भाग उजवी. हात आणि पाय यांच्या बाबतीत ही वाटणी बरीच काटेकोर आहे. धडाच्या स्नायूंना मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतात. त्यामुळं एक बाजू गेली तरी धड हातासारखं लुळं पडत नाही. ते वरवर ठीक दिसतं. वैद्यानं हात उचलून पाहिला, तो धपकन पडला. पाय उचलून पाहिला, तोही पडला. धड कसं उचलून पाहणार?

हा आजार मेंदूचा आहे हे नीट सिद्ध व्हायलाही सतरावं शतक उजाडलं. स्वित्झर्लंडमधल्या योहान याकोब वेप्फर या वैद्यानं अशा आजारानं मेलेल्यांची शवं उघडून मेंदूतला रक्तस्राव पाहिला आणि १६५८ साली त्यावर ग्रंथ छापला. कारण कळलं म्हणून उपाय कळला असं झालं नाही. पुढची दोनशे वर्षं रक्त काढणं, जळवा लावणं आणि पडून राहणं हाच उपचार. थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांना १८६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हा झटका आला आणि डावी बाजू गेली, तेव्हा त्यांनाही जळवाच लावल्या होत्या. ते उठले, लंगडत का होईना चालू लागले, आणि रेबीजच्या लशीचं त्यांचं काम त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८५ साली झालं. पण ते पाश्चर होते. बाकीचे अंथरुणालाच खिळून राहत.

तोल म्हणजे काय, हा प्रश्न वैद्यकात आला तो वेगळ्याच आजारातून. बर्लिनचे डॉक्टर मोरित्झ रोमबर्ग यांनी १८४० च्या दशकात मज्जारज्जूच्या एका विकाराचं वर्णन केलं. त्या रोग्यांना पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला सांगितलं, की ते डोलू लागत आणि कोसळत. डोळे उघडे असताना मात्र उभे राहत. पायांकडून येणारी खबर बंद झाली होती आणि डोळे तिची भरपाई करत होते. आपला तोल तीन ठिकाणच्या खबरींवर चालतो: डोळे, कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्या व त्यांच्या शेजारची इंद्रियं, आणि पायांचे तळवे, सांधे व स्नायू. मेंदू या तिन्ही साक्षी ताडून पाहतो आणि ठरवतो की मी सरळ आहे. आपल्याला याचा पत्ताही नसतो. त्याच आजाराच्या एका रोग्यानं डॉक्टरांनी घेतलेली चाचणी घरी पुन्हापुन्हा गिरवली आणि पुढच्या भेटीत ती सुधारलेली दिसली. हाइडन या स्विस गावातले ते डॉक्टर, हाइनरिश फ्रेंकेल, चकित झाले आणि १८९० च्या सुमारास त्यांनी त्यातून व्यायामांची एक पद्धत बसवली. ‘फ्रेंकेल व्यायाम’ फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. मज्जासंस्थेला नव्यानं शिकवता येतं, ही कल्पना तिथून रुजली.

पण अर्धांगवायूच्या रोग्यापर्यंत ती पोचायला आणखी अर्धं शतक गेलं, आणि पोचवणाऱ्या होत्या दोन बायका. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यांत मोलाचा भाग हाच.

पहिली, मार्जरी वॉरन. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात ही डॉक्टर होती. शेजारी गरिबांसाठी चालणारं जुनं इस्पितळ होतं. १९३५ साली ते या हॉस्पिटलला जोडलं गेलं आणि तिथले शेकडो रुग्ण वॉरनबाईंच्या पदरात आले. त्यांत म्हातारी माणसं होती, अर्धांगवायूची होती, आणि अनेक जण वर्षानुवर्षं खाटेवर पडून होते. खाटांना उंच कठडे होते, पडू नये म्हणून. ‘असाध्य’ असा शिक्का बसल्यावर परत तपासायची पद्धतच नव्हती. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं. भिंतींना उजळ रंग दिला, धरायला कठडे बसवले, बसायला योग्य उंचीच्या खुर्च्या आणल्या आणि लोकांना उठवायला सुरुवात केली. पुष्कळ जण उठले, काही तर घरी गेले. १९४३ आणि १९४६ साली त्यांनी यावर लेख लिहिले. खाट माणसाचे सांधे आखडवते, पाठीला जखमा करते आणि शेवटी मनही मालवते, हे त्यांनी डॉक्टरांना सुनावलं. पाठोपाठ १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्याच डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत पण बोचरा लेख लिहिला. विश्रांती हेही औषध आहे आणि त्याचाही अतिरेक होतो, हे तेव्हा कुठं वैद्यकाला पटू लागलं.

दुसरी, बर्टा बोबाथ. ही तर डॉक्टरही नव्हती. बर्लिनमध्ये वाढलेली, शरीराच्या हालचाली शिकवणारी व्यायामशिक्षिका. ज्यू असल्यामुळं हिटलरच्या जर्मनीतून पळून लंडनला आली. तिथं तिनं कारेल बोबाथ या डॉक्टरांशी लग्न केलं. तेही तसेच परागंदा झालेले. १९४० च्या दशकात तिच्याकडं सायमन एल्विस नावाचे नामवंत चित्रकार आले. त्यांची उजवी बाजू गेली होती. त्या काळची रीत अशी, की गेलेली बाजू सोडून द्यायची आणि चांगल्या बाजूवर जगायला शिकवायचं. चांगल्या हातात काठी, लुळ्या पायाला पट्टी. माणूस चाले, पण सगळा भार एकाच बाजूवर टाकून. आणि लुळा हात आखडून छातीशी येई. बर्टाबाईंनी हाताला हात घालण्याआधी त्या माणसाचं बसणं पाहिलं. व्यायामशिक्षिकेची नजर ती! खांदा कसा ओढला गेलाय, कंबर कुठं कललीय, भार कोणत्या कुल्ल्यावर आहे. धड आणि खांदा ठरावीक रीतीनं फिरवला की हाताचा ताठरपणा सैल होतो, असं त्यांना आढळलं. मग त्यांनी उलटंच सांगायला सुरुवात केली. गेलेल्या बाजूवर भार द्या. आधी बसायला शिकवा, मग उभं राहायला, मग चालायला. एल्विस पुढं डाव्या हातानं चित्रं काढायला शिकले आणि काढत राहिले.

कारेल बोबाथ यांनी या अनुभवाला शास्त्राची बैठक दिली. इंग्लंडचे शेरिंग्टन आणि उट्रेख्टचे रुडॉल्फ माग्नुस यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून शरीर तोल कसा सावरतं हे शोधलं होतं. माग्नुस यांचा त्यावरचा मोठा ग्रंथ १९२४ चा. बर्टाबाईंचं प्रौढांच्या अर्धांगवायूवरचं पुस्तक १९७० साली आलं आणि जगभर फिजिओथेरपिस्टांच्या टेबलावर गेलं. १९९१ च्या जानेवारीत या नवराबायकोंनी एकाच दिवशी जगाचा निरोप घेतला. त्यांनी दिलेली स्पष्टीकरणं आज जुनी झाली आहेत. त्यांची पद्धत इतर पद्धतींपेक्षा वरचढ आहे, हेही सिद्ध झालेलं नाही. २०१४ साली ९६ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण एकत्र घेऊन केलेल्या आढाव्यात दिसलं ते एवढंच, की व्यायामोपचारानं फायदा होतो आणि कोणत्याही एका नावाच्या पद्धतीची त्यावर मक्तेदारी नाही. पण धडाकडं बघा, हे त्यांचं सांगणं टिकलं.

ते का टिकलं याचं उत्तर मॉस्कोतून आलं होतं. १९६७ साली गुरफिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की उभा माणूस हात वर उचलतो तेव्हा हाताचा स्नायू हलण्याआधी पायाचे स्नायू कामाला लागलेले असतात. हात पुढं गेला की तोल जाईल, हे मेंदूला आधीच माहीत असतं आणि तो पाया घट्ट करून घेतो. लकवा झालेल्या माणसात ही आगाऊ तयारी बिघडते. म्हणून तो पेला घ्यायला हात लांब करतो आणि पेल्याऐवजी स्वतःच पडतो. घरचे म्हणतात, घाई कशाला केलीत?

आपल्याकडं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते पोलिओमुळं. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली आणि १९५३ साली केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय निघालं. १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. म्हणजे मामूंना लकवा मारला तेव्हा मुंबईत ही विद्या शिकवायला लागून तीस वर्षं झाली होती. आमच्या गावापर्यंत ती शेक आणि करंट या दोनच शब्दांत पोचली होती.

पण मामूंचं ते ढकलणं? ते तेव्हा मुंबईतही कुणी नाव घेऊन सांगू शकलं नसतं. पॅट्रिशिया डेव्हिस या बोबाथ परंपरेतल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी १९८५ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात काही रोग्यांचं वर्णन आहे: चांगल्या हातानं आणि पायानं हे रोगी स्वतःला लुळ्या बाजूकडं ढकलतात आणि सरळ करू गेलं की विरोध करतात. त्यांनी याला ‘पुशर सिंड्रोम’ म्हटलं, म्हणजे ढकलणाऱ्याचा विकार. मी ते वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. खाट, हात, ताठ झालेलं अंग, सगळं तेच.

१९९६ साली कोपनहेगनमधल्या अभ्यासात असे रोगी शेकडा दहाच्या आसपास निघाले. आणि २००० साली जर्मनीत हान्स-ओटो कार्नाथ आणि सहकाऱ्यांनी एक साधाच प्रयोग केला. रोग्याला कलणाऱ्या खुर्चीत बसवलं, डोळ्यांपुढं काही दिसू दिलं नाही, खुर्ची हळूहळू कलवली आणि विचारलं, आता तुम्ही सरळ आहात का? खुर्ची जवळजवळ अठरा अंश कललेली असताना रोगी म्हणाले, हो, आता सरळ. घड्याळाचा मिनिटकाटा बारावरून तीन मिनिटं सरकला की होतो तेवढा हा कल. खुर्ची खरोखर सरळ असताना त्यांना वाटत होतं, आपण कललोय. गंमत म्हणजे हा कल चांगल्या बाजूकडं होता आणि ढकलणं लुळ्या बाजूकडं; या दोन्हींचा सांधा कसा जुळवायचा यावर संशोधकांत वाद आहे. पण मूळ बिघाड शरीराच्या ‘सरळ’ या जाणिवेत होता. हट्टीपणाचा त्यात काही संबंध नव्हता. मामू खोटं बोलत नव्हते.

त्याच प्रयोगात दुसरी गोष्ट निघाली. या रोग्यांचे डोळे शाबूत होते. समोरची रेघ उभी आहे की तिरपी, हे ते बरोबर ओळखत होते. म्हणून २००३ मध्ये कार्नाथ आणि डोरिस ब्रोट्झ यांनी उपचार सुचवला तो डोळ्यांच्या वाटेनं. रोग्याला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. त्याला दाराच्या चौकटीसमोर किंवा खांबासमोर बसवायचं आणि विचारायचं: ही चौकट सरळ आहे ना? मग तुम्ही तिच्याशी जुळता का? आधी त्याला स्वतःला दिसू द्यायचं की अंग सांगतंय ते खरं नाही. मग त्यानं स्वतः सरकायचं. शरीराची साक्ष फितूर झाली, तर डोळ्यांची घ्यायची. बहुतेकांचं हे ढकलणं सहा महिन्यांत ओसरतं, हेही आता माहीत आहे.

आज तोल मोजायलाही माप आहे. कॅनडाच्या कॅथरीन बर्ग यांनी १९८९ साली केलेल्या मोजणीत चौदा साध्या गोष्टी करायला सांगतात: आधाराशिवाय बसणं, उठून उभं राहणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, मागं वळून पाहणं. प्रत्येकीला शून्य ते चार गुण, एकूण छप्पन्न. यंत्रंही आली. पण २०११ साली अमेरिकेत ४०८ रोग्यांवर केलेल्या तुलनेत, दोरांनी अंग तोलून पट्ट्यावर चालवण्याचा खर्चिक उपचार आणि घरी येऊन ताकदीचे व तोलाचे व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट, यांत वर्षाअखेर फरक पडला नाही. दोन्हीकडं निम्म्याहून थोडे जास्त रोगी चालण्यात सुधारले.

घाईलाही मर्यादा आहे. अंथरुण वाईट, म्हणून पहिल्या चोवीस तासांतच रोग्याला पुन्हापुन्हा आणि जास्त वेळ उठवायचं, या विचाराची पाच देशांत २१०४ रोग्यांवर परीक्षा झाली. २०१५ च्या निकालात असे रोगी तीन महिन्यांनी थोडे मागंच राहिलेले दिसले. थोडा थोडा वेळ, पण अनेकदा उठवणं बरं पडलं. आणि आपल्या देशातला एक निकाल मला फार जवळचा वाटतो. १४ रुग्णालयांतल्या १२५० रोग्यांच्या घरच्या माणसांना व्यायाम शिकवून पाहिले. त्यांनी ते घरी करून घ्यायचे. २०१७ साली निकाल आला: नेहमीच्या उपचारापेक्षा काही फरक नाही. घरच्यांना थोडं शिकवून सोडलं की भागेल, ही आशा फळली नाही. आम्हाला तर तेवढंही कुणी शिकवलं नव्हतं.

मामू त्यानंतर चार वर्षं जगले. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून इशाऱ्यानं नमाज अदा करायची मुभा आहेच. ते पडूनच करायचे. मी हात काढून घेतल्याबद्दल ते मला कधी बोलले नाहीत. “तू गिराया” म्हणाले नाहीत.

त्या खोलीला एक दार होतं. सागवानी चौकटीचं, अजूनही ओळंब्यात असलेलं. मामूंना आम्ही त्याच्याकडं पाठ करून बसवायचो, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघून ते रडायला लागतात म्हणून.